वाघाला विचारायचं कोणी

कुरवंड्याच्या वरच्या वाडीतले आबा यंदा वाघबारशीच्या आठवडाभर आधी, सकाळी, आपल्या गोठ्यात मृत आढळले. वय सत्तरीच्या आसपास होतं; नेमकं घरात कोणालाच सांगता आलं नाही. गोठ्यापासून घर हाकेच्या अंतरावर आहे. दोन पावसाळे ते त्या घराचा उंबरा ओलांडून आत गेले नव्हते. घरात भांडण नव्हतं.

भांडण नव्हतं हे आधीच लिहितो, कारण लोणावळ्यात ज्याला ज्याला मी हे सांगितलं, त्याने पहिला प्रश्न तोच विचारला.

वाघबारस दिवाळीच्या तोंडावर येते. त्या दिवशी वाडीतले गुराखी वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावतात आणि तिथेच चूल मांडून खीर करतात. एक जण वाघ होतो. अंगाला राखेचे पट्टे, तोंडाला शेंदूर, पाठीवर घोंगडी. तो दगडाआड बसतो. मग शिवाराचा मालक पुढे होतो आणि त्याला तीनदा विचारतो, “पुन्हा आमच्या शिवारात येशील का?” वाघ तीनदा “न्हाई” म्हणतो. त्याच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओततात, आणि तो पुन्हा माणूस होऊन घरी जातो. मालकाने विचारेपर्यंत वाघाने कोणाच्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. आबांच्या आजोबांच्या काळात एक जण न विचारताच घरात गेला आणि त्या साली त्याच्या घरातलं मूल दगावलं, असं वाडीत सांगतात. याला दुसरा पुरावा नाही.

मला आठवतं तेव्हापासून वाघ आबाच होत. विचारणारे माझे वडील. दगडाभोवतालचं माळरान आमचं होतं. आम्ही कुसगावचे, शेतकरी. वडील पांढरी टोपी नीट करून पुढे व्हायचे आणि कोर्टात साक्ष घेतल्यासारखं विचारायचे. एका साली आबांनी तिसऱ्या वेळी “बघू” असं उत्तर दिलं, तेव्हा सगळी वाडी हसली आणि वडिलांनी नारळ उगारला होता.

मी पुण्याला कॉलेजात असताना भावकीतल्या सगळ्यांनी माळ विकला, वडिलांनीही. घेणाऱ्या मुंबईच्या माणसाने तिथे हॉटेल बांधलं. दगड कुंपणाच्या आत, बागेत आला. त्या माणसाने दगड हलवला नाही. वाघबारशीला तो स्वतः यायचा, पायात बूट, गळ्यात कॅमेरा. पण ते वाक्य त्याने पाठ केलं होतं आणि तीनदा विचारायचा. पुढे तो आजारी पडला. त्या साली मॅनेजरने मोबाइल स्पीकरवर लावून दगडापुढे धरला आणि मालकाने मुंबईहून वाघाला विचारलं. आबांनी फोनला उत्तर दिलं. वाडीत यावर बरीच चर्चा झाली. शेवटी आवाज मालकाचाच होता, असं ठरलं.

त्या सुमाराला मी पुण्यातल्या एका दैनिकात व्यापार पानावर होतो. परदेशातल्या एका सरकारी गुंतवणूक कंपनीच्या बातम्या आमच्याकडे एजन्सीकडून यायच्या, त्यांचं मराठी मी करायचो. सरकारकडे जमलेले कारखाने, गोदी आणि एक बँक सांभाळायला ती काढली होती. मी पहिली बातमी केली तेव्हा ती एका कॉलमात, पानाच्या तळाशी गेली. मग ती कंपनी देशाबाहेर पडली. इतर देशांतल्या बँका, फोन कंपन्या, बंदरं, इस्पितळं यांत तिने हिस्से घेतले. बातमी दोन कॉलमांची झाली, पुढे पानाची मुख्य बातमी झाली. तळेगावकडे गोदामांची मोठी शेड उभी राहिली, त्यातही तिचा हिस्सा असल्याची बातमी मीच दिली. “जागतिक विस्तार” हे शब्द मी इतक्यांदा वापरले की उपसंपादकांनी ते एकदा काढून टाकले.

नंतर तिने हॉटेलांचा एक समूह घेतला. त्या समूहाने त्याच साली कुरवंड्याचं हॉटेल मुंबईच्या मालकाकडून विकत घेतलं होतं. बातमीत समूहातल्या हॉटेलांची नावं नव्हती. मला ते वाडीतून कळलं.

त्या वर्षीच्या वाघबारशीला आबा शेंदूर लावून दगडाआड बसले. मॅनेजर आला. भला माणूस होता, त्याने फाटक स्वतः उघडलं. म्हणाला, “आबा, आता वर असा एक माणूस राहिला नाही. फोन कोणाला लावू?”

आबा म्हणाले, “तूच इचार की मंग.”

“मी विचारतो. पण मी नोकर आहे.”

“मंग ऱ्हाऊ दे,” आबा म्हणाले. “ज्याचं शिवार न्हाई त्यानं हटकलं, तर वाघ म्हनंल, तू कोन?”

खीर वाटली गेली. संध्याकाळी आबा वाडीत परतले आणि घरात न जाता गोठ्यात गेले. सुनेने ताट तिथेच नेलं. तिला वाटलं, दोन दिवसांत राग जाईल. राग नव्हताच. सून तेव्हा गरोदर होती. पुढच्या पावसाळ्यात तिला मुलगी झाली. आबांची ती पहिली नात. त्यांनी तिला अंगणापलीकडूनच पाहिलं.

मी दर रविवारी पुण्याहून कुसगावला यायचो आणि तिथून वर जायचो. गोठ्याबाहेर एका दगडावर मी बसायचो, आबा दावणीजवळ. ते मला सगळं मुळापासून विचारायचे.

“तुज्या बापानं इकलं. आता मालक कोन त्ये तूच सांग.”

“कंपनी आहे, आबा. परदेशातली.”

“कंपनीला तोंड असंल की.”

“ती दुसऱ्या कंपनीची आहे.”

“आन ती?”

“तिच्या देशाच्या सरकारची.”

“आन सरकार?”

“तिथल्या लोकांचं.”

आबांनी तंबाखू मळून दाढेत धरली. “म्हंजी तितला भाजीवालाबी मालक?”

“कागदावर तसंच म्हणायचं.”

“मंग हुडका की एकादा. येतच असत्याल हितं पव्हायला.”

सून अंगणात भांडी घासत होती. “भाजीवाला इमानात बसून येनार व्हय, आबा?”

“का? मालक हाय त्यो.”

कंपनीची वार्षिक पत्रकार परिषद ऑनलाइन असे. प्रश्न लिहून पाठवायचे. लोणावळ्याजवळच्या हॉटेलाच्या बाबतीत मालक म्हणून स्थानिक पातळीवर कोणाशी बोलायचं, असं मी विचारलं. प्रवक्त्याने उत्तर दिलं की आम्ही भागधारक आहोत, दैनंदिन निर्णय त्या त्या कंपनीचं व्यवस्थापन घेतं. व्यवस्थापनाला विचारलं, तर त्यांनी मालकीविषयीचे प्रश्न भागधारकांकडे पाठवायला सांगितलं. दोन्ही उत्तरं लेखी आहेत.

दुसऱ्या वाघबारशीच्या आधी सून माझ्याकडे आली. मुलगी तिच्या कडेवर होती.

“भाऊ, तुमीच इचारा. मालकानं धाडलंय म्हना. आबा तुमचं ऐकत्याल.”

मी गेलो. मॅनेजरने फाटक उघडलं. आबा दगडाआड बसले होते, तोंडाला शेंदूर. मी म्हणालो, “मालकांनी मला पाठवलंय.”

“कोन्त्या?”

मी कंपनीचं नाव सांगितलं.

“त्ये न्हवं. मानसाचं सांग.”

मी कंपनीच्या प्रमुखाचं नाव सांगितलं. ते मी बातम्यांत अनेकदा लिहिलं होतं.

“त्येला ठावं हाय का, हितं दगड हाय म्हून?”

“नाही.”

“मंग त्यानं तुला धाडलं कसं?”

मागे कोणी हसलं नाही. आबांनी घोंगडी खांद्यावर ओढली आणि म्हणाले, “बस. खीर खाऊन जा.”

त्या हिवाळ्यात आबांचा मुलगा धावत आला. तो त्याच हॉटेलात माळी आहे. कंपनीच्या देशातलं एक जोडपं राहायला आल्याचं त्याला रिसेप्शनवर कळलं होतं. मॅनेजरने भेट घडवून आणली. पाहुणा निवृत्त शिक्षक होता. बागेतल्या खुर्चीत बसून त्याने सगळं ऐकून घेतलं, दोनदा दगडाजवळ जाऊन आला. माळी दूर हातात पाइप धरून उभा होता. पाणी एकाच कुंडीत पडत राहिलं.

पाहुणा इंग्रजीत बोलला. त्यांच्याकडे शाळेत ही कंपनी आपली सर्वांची आहे असं शिकवतात, त्यानेही तेच शिकवलं होतं. पण ती काय विकत घेते, काय विकते, हे त्याला कोणी विचारत नाही. हे हॉटेल तिचं आहे, हे त्याला मी सांगितल्यावरच कळलं. “मी मालक आहे असं म्हणालो, तर ते खोटं होईल,” तो म्हणाला. “आणि तुम्ही सांगता त्यावरून त्या गृहस्थांना खोटं चालत नाही.” त्याने आबांसाठी बिस्किटांचा एक डबा दिला.

मी डबा गोठ्यात नेला आणि काय झालं ते सांगितलं.

“बरा मानूस दिसतोय,” आबा म्हणाले. “मालक असून न्हाई म्हनतोय.”

डबा त्यांनी उघडला नाही. नातीला द्या म्हणाले. सून तिला कडेवर घेऊन अंगणाच्या टोकापर्यंत आली होती. आबांनी डबा जमिनीवर ठेवला, मागे सरले, मग सुनेने तो उचलला.

त्यानंतर मुलाने एकदा त्यांना दंडाला धरून घरात आणायचा प्रयत्न केला. आबा उंबऱ्यापर्यंत आले. आतून मुलीच्या रडण्याचा आवाज आला आणि त्यांनी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली. मुलाने हात सोडला.

या पावसाळ्यात त्यांना खोकला लागला. गोठ्याची एक बाजू उघडी आहे. मुलाने तिला ताडपत्री बांधली. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी कोरड्या जागेत ठेवायला सांगितलं. आबांनी गुरं बाहेर बांधायला लावली आणि आतल्या कोपऱ्यात सरकले. आमच्या शेवटच्या रविवारी त्यांनी “काय ठरलं का वरती?” एवढं विचारलं. मी “नाही” म्हणालो.

ते गेल्यावर अंघोळ कुठे घालायची, हा प्रश्न आला. सून म्हणत होती, निदान अंगणात तरी आणू. मुलगा म्हणाला, “आबांनी पाळलं त्ये आता आपन मोडायचं?” अंघोळ गोठ्यासमोर घातली. तिथून त्यांना थेट नेलं. नातीला तेवढा वेळ शेजारच्या घरी ठेवलं होतं.

सुतक असल्यामुळे यंदा वाघबारस झाली नाही. दगडाला शेंदूर लागला नाही. वाघ कोण होणार, यावर वाडीत अजून बोलणं झालेलं नाही.

आबांच्या तेराव्याच्या दिवशी दुपारी कंपनीचं निवेदन आलं. हॉटेल समूहातला आपला सगळा हिस्सा तिने विकला होता. मी चार ओळींची बातमी केली. खरेदीदाराचं नाव निवेदनात नव्हतं.