पखवाजाची कणीक

माझी फजिती मीच सांगतो. आमच्या गडब गावात सांगणारे पुष्कळ आहेत, पण ते पदरचं घालतात.

पेणला रामवाडीत एक शाळा आहे. पोरांना आपलं जुनं संगीत कळावं, अशी तिथल्या मुख्याध्यापक बाईंची इच्छा. बाई माझ्या घरी आल्या. मी मिसरूड फुटल्यापासून भजनात पखवाज वाजवतो.

"काका, आधी एक तास घेऊन बघा. पोरं रमली, तर दर शनिवार तुमचा."

मी तिसरीत शाळा सोडलेला माणूस. गावभर सांगून टाकलं, मास्तर झालो! आता तास फसला, तर नाक्यावर कुठल्या तोंडानं जाणार?

पखवाजाच्या डाव्या बाजूला ओली कणीक थापावी लागते. त्याशिवाय तो घुमत नाही. निघताना बायको म्हणाली, "अवो, कणीक मळलीय, डब्यात घालून देते."

"मास्तर काय पीठ घेऊन फिरतो? शाळेत पोरांचं जेवण शिजतं. तिथं पीठ नसंल?"

होतं. तांदळाचं. खिचडी करणाऱ्या बाईनं विचारलं, "काका, ह्ये चिकटंल काय?"

समोर मुख्याध्यापक बाई उभ्या. माघार कशी घेणार?

"न चिकटायला काय झालं? मळ!"

गोळा थापला. पोरांना दरडावलं, "हसायचं नाय. बोलायचं नाय. ऐकायचं."

पहिली थाप मारली. गोळा सुटला आणि फळ्यावर बसला. तिथं मात्र चिकटला!

खरवडून पुन्हा थापला. या वेळी तुकडे उडाले. एक पहिल्या बाकावर, एक खिडकीबाहेर, एक बाईंच्या चष्म्यावर. बाईंनी चष्मा पुसला. पोरं बाकांवर चढून ओरडत होती, "आजोबा, इकडे! आता इकडे!"

मी पखवाजाला खोळ घातली. संपली मास्तरकी.

बाई फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "काका, पोरं इतकी रमलेली मी कधी पाहिली नाहीत. दर शनिवारी या."

पुढच्या शनिवारी मुकाट्यानं घरची कणीक नेली. काय घुमला पखवाज! पोरं चिडीचूप. नजर माझ्या डाव्या हातावरून हलेना. म्हटलं, चला, यांना संगीत कळलं.

तास संपता संपता एका पोरीनं हात वर केला.

"आजोबा, आज उडणार कधी?"

आता मी दर शनिवारी थोडं तांदळाचं पीठही मळून नेतो. शेवटच्या पाच मिनिटांसाठी.