फोनचा गुडघा

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझ्या फोनची बॅटरी थकली. निम्मी भरलेली दाखवत असतानाच तो डोळे मिटायचा. चार्जर लावून ठेवला तरच चालायचा, म्हणून मी माहेरी बोलायचे ते स्वयंपाकघरातल्या बोर्डाखाली, ओट्याला टेकून. त्यामुळे आमच्या घरात सगळ्यांना माझं माहेर तोंडपाठ झालं होतं.

"नवा घे," हे म्हणायचे. पण शिकवण्या घेऊन, माझ्या स्वतःच्या कमाईतून आणलेला तो फोन होता. मला तोच हवा होता.

मग चतुर्थीला आम्ही राजूरच्या गणपतीला गेलो. सासरे, थोरल्या जाऊबाई आणि मी. दर्शन घेऊन बाहेर पडताना गर्दीत माझी चुकामूक झाली आणि फोन बंद. थोड्या वेळानं भोंग्यावरून आवाज आला, "निळ्या साडीतल्या सूनबाई, तुमचे सासरे नारळाच्या दुकानापाशी थांबून राह्यले, जल्दी या." मी धावत गेले. माझ्याबरोबर निळ्या साडीतल्या आणखी तीन-चार सुनाही आल्या. मामा, म्हणजे माझे सासरे, सुनांकडं कधी मान वर करून बघायचे नाहीत. त्या दिवशी त्यांना एकेकीकडं नीट बघून आपली कोणती ते ठरवावं लागलं. जाऊबाई नारळाच्या ढिगाआड तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या.

परतताना मामा जीपच्या खिडकीला म्हणाले, "त्या फोनचं काहीतरी करा."

भोकरदनच्या दुकानदारानं सांगितलं, या मॉडेलची बॅटरी आता येत न्हाई. मग मीच ऑनलाइन मागवली. सोबत इवलासा स्क्रूड्रायव्हर, प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या आणि काचेला चिकटणारी रबरी वाटी आली. मी व्हिडिओ बघून बघून पाठ केले. हे म्हणाले, "बॅटरी फुटली-बिटली तर? राहू दे." मी बरं म्हणाले.

एके दिवशी हे आणि भावजी जालन्याच्या मोंढ्यात धान्य घालायला गेले, सासूबाई आधीच नणंदेकडं होत्या. दुपारी मी सगळं सामान जाऊबाईंपुढं मांडलं. त्या घरीच ब्लाउज शिवतात. त्यांनी मशीन बाजूला सारलं, काळ्या अस्तरावर खडूनं फोनचा आकार काढला आणि म्हणाल्या, "जिथला स्क्रू निघंल तिथंच ठेव. हा गळा, ह्या दोन बाह्या. आता पाठ उसव." तिथूनच आम्हाला हसू यायला लागलं.

पाठीचा डिंक सुटायला ती शेकायची होती. घरात गरम पाण्याची एकच पिशवी, मामांच्या उशाशी. मी पाय न वाजवता खोलीत गेले, पिशवी उचलली आणि मामा झोपेतच बोलले, "कोणाचा गुडघा दुखून राह्यला?"

मी पिशवी पदराआड लपवली. बाहेरून जाऊबाई म्हणाल्या, "फोनचा, मामा."

आणि आम्ही दोघी अशा हसत सुटलो की मला भिंत धरावी लागली. मामा उठून बाहेर आले. आता बोलणी बसणार असं वाटून आम्ही पदर सावरले. त्यांनी अस्तर पाहिलं, खडू पाहिला, खुर्ची ओढली आणि आपल्या फोनचा टॉर्च लावून धरला. "हं. चालू द्या."

पाठ शेकून, रबरी वाटी ओढून, पट्टी फटीत सरकवली. टक असा आवाज झाला. तिघंही थिजलो. काही मोडलं नव्हतं. पाठ सुटली होती.

"एवढंच असतं का आत?" मामा म्हणाले. त्यांना फार निराशा झालेली दिसली.

मी आधी आतले स्क्रू काढून खडूच्या आकारात ठेवले, मग बॅटरीची जोडणी पट्टीनं उचलून मोकळी केली. बॅटरी मात्र खाली घट्ट चिकटलेली. पुन्हा शेकलं. "टोचू नका, वाकवू नका," मामांनी बजावलं, जणू आयुष्यभर हेच करत आले होते, आणि पेटली-बिटली तर असावा म्हणून वाळूनं भरलेला डबा घेऊन आले. जुनी बॅटरी हळूहळू सुटली आणि त्या वाळूत जाऊन पडली. नवी बसवली. जाऊबाई खडूच्या आकारातून एकेक स्क्रू देत गेल्या, आणि उजव्या बाहीचा स्क्रू सापडेना.

"कोणी हलायचं न्हाई," मामा म्हणाले.

आम्ही पुतळे झालो. जाऊबाईंनी टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक सतरंजीवरून फिरवलं. टाचण्या आल्या, हुक आले, तुटकी सुई आली आणि तिच्या टोकाला स्क्रू.

बटण दाबलं. काळोख. मामांनी टॉर्च आणखी जवळ आणला, जसं काही अंधारामुळंच दिसत नव्हतं. मी पुन्हा दाबून धरलं. फोन हातात थरथरला आणि उजळला. जाऊबाईंनी मला मिठी मारली. मामा हसले. त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकत होते, बारीक आणि भरभर, थांबता थांबेना असं.

मग मला वेडच लागलं. चार्जरशिवाय आईला फोन लावून मी अंगणात गेले, गोठ्याला वळसा घातला, जिना चढून गच्चीवर गेले. "कुठं आहेस तू?" आई विचारत होती. "सगळीकडं," मी म्हणाले.

मामांना तपासणी अपुरी वाटली. ते चप्पल घालून रस्त्यापर्यंत गेले आणि तिथून त्यांनी मला फोन लावला.

"ऐकू येऊन राह्यलं का?"

"हो मामा. तुम्ही दिसूनसुद्धा राह्यले."

"बराबर." पण त्यांनी फोन ठेवला नाही. "रात्री काय करून राह्यल्या?"

"तुम्ही सांगा ना."

"धपाटे करा. अन् ठेचा. त्यात लसूण जास्त घाला, तिकडं सासूबाईला सांगू नका." मग ते रस्त्यावर उभे राहून लसणाबद्दल, धाकट्या वासराबद्दल, राजूरच्या त्या निळ्या साड्यांबद्दल बोलत राहिले. समोर आल्यावर दोन शब्द न बोलणारा माणूस पन्नास पावलांवरून इतका बोलतो हे मला तेव्हा कळलं. जाऊबाईही गच्चीवर आल्या होत्या, माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या.

फोनचा एक कोपरा नीट चिकटला नाही, तिथं अजून टेप आहे. बाकी तो मजेत चालतो. जुनी बॅटरी भावजींनी जालन्याला असलं सामान घेणाऱ्या दुकानात दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा गरम पाण्याची पिशवी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. दुसऱ्या हातात त्यांचा फोन होता.

"ह्याचीबी बघा जरा."

मी पाहिला. त्याला काहीच झालेलं नव्हतं.