भाकड स्कूटर

त्या बाईंचं नाव मला माहीत नाही. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात, म्हशींच्या रांगेत त्यांनी आपली बॅटरीवरची स्कूटर दाव्यानं खुंट्याला बांधली होती. दूध वाहायला घेतलेली ती गाडी वर्षातच बंद पडली होती. समोरच्या मांडवात विक्रेता मला नवी गाडी दाखवत होता. "ती बॅटरी जुन्या पद्धतीची होती हो. ही नवी दहा वर्षं चालते."

बाईंनी पदर खोचला. "मागल्या साली बी हेच बोलला हुतास! म्हैस भाकड निघाली तर इकणारा बाजारात तोंड लपवतो. तू मांडव टाकून बसलायस व्हय रं?"

तो हसला. त्या निगरगट्ट हसण्यानं माझं डोकंच फिरलं. हातातली नव्या गाडीची चावी मी त्याच्या टेबलावर आपटली. बाई मात्र सीटवर हात ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगत होत्या, "भाकड हाय, भाकड! त्या मांडवातनं घेतलीय!"