छाट का झाली, ते दाखवा

आई सोलापुरात विड्या वळायची. कारखान्यात चेकर टोपलीतल्या विड्या चाळायचा आणि मूठभर बाजूला फेकायचा. त्याला छाट म्हणतात. छाटीची मजुरी नाही. "का छाटल्या?" असं आईनं एकदा विचारलं, तर म्हणाला, "बाई, पुढं सरका." त्याच मजुरीवर मी बी.एस्सी. झाले. घरातली पहिली.

आता मी सोलापुरातच, शिकवणीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत आहे. मुलं टॅबवर गणितं सोडवतात. सॉफ्टवेअर सगळं टिपतं आणि कोण कुठल्या बॅचला, ते ठरवतं. एका शाळेत गेले, तर नववीतली रेणुका दारातच उभी. तिला स्कॉलरशिप बॅचमधून काढून बेसिकला टाकलं होतं. घरी तेलुगू, आई विड्या वळणारी.

"मॅडम, मला छाटलं की."

मी बॅग खाली ठेवली.

"का, ते दाखवा. उत्तरं तर बरोबर हायत माझी."

मुलांचा डेटा फक्त शिक्षकांच्या लॉगिनला दिसायचा. तिच्या सरांना विचारून मी तिचं पान तिच्यासमोर उघडलं. उत्तरं खरंच बरोबर होती. पण हिंट पुष्कळ घेतलेल्या. हिंट घेतली की सॉफ्टवेअर धरून चालतं, हिला जमत नाही. तसं तिला सांगितलं. ती बोटानं स्क्रीन वर-खाली करत राहिली.

"बघा की मॅडम. नुसत्या आकड्यांच्या गणिताला एकबी हिंट न्हाय. शब्दांच्या गणितालाच हाय. कुंपण म्हंजे काय, मला म्हाईत नव्हतं. हिंटमदी चित्र असतंय."

शेताला कुंपण किती लागेल, असं ते गणित. चाळीतल्या पोरीनं कुंपण कुठं बघायचं? तिला परिमिती येत होती, मराठी शब्द अडला होता. आमच्या अख्ख्या टीमला जे दिसलं नव्हतं, ते तिनं आपलं पान बघून तिथल्या तिथं काढलं.

ऑफिसात आमचे मोठे सर म्हणाले, "एका पोरीसाठी सॉफ्टवेअर बदलायचं?"

"सर, तिनं आपली चूक काढलीय. तीपण फुकटात."

"मग नोकरीच देऊ या तिला."

"आधी दहावी तर होऊ द्या."

सर हसले, पण काम झालं. शब्दाचा अर्थ दाखवायला वेगळं बटण आलं. ते दाबलं म्हणून कुणी कच्चं ठरत नाही. रेणुका आपल्या बॅचला परत गेली. मुलांच्या लॉगिनलाही त्यांचं पान दिसू लागलं, कारणासकट.

छाट आमच्याकडे अजून होते. का झाली, ते आता विचारावं लागत नाही.