नागावला न थांबणारी मोटार

सन चौतीसच्या सुमारास धर्मा अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर एक जुनी सर्व्हिस मोटार चालवायचा. मोटार पळायची झकास, पण थांबली की इंजिन आचके देऊन बंद पडायचं. मग हँडल मारता मारता त्याचा खांदा भरून यायचा आणि उतारू म्हणायचे, "धर्मा, बैल जुंप रं."

म्हणून नागावात थोरली बहीण आवडाबाई रस्त्याकडेला उभी दिसली, तरी तो वेग कमी करत नसे.

"बाय, उद्या थांबतो."

"तुझा उद्या कदी उजाडायचा रं?" ती धुरळ्यातून ओरडायची.

धर्मा प्लग पुसायचा, स्क्रू पिळायचा, चार दिवस निभवायचा. खोट नीट शोधायला त्याने कधी सवड काढलीच नाही. पुढे बाय रस्त्यावर येईनाशी झाली, तेव्हा त्याला सुटल्यासारखंच वाटलं.

मग एका दुपारी त्याने इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरच्या सांध्याला साबणाचा फेस लावला. फेस आत ओढला गेला आणि इंजिन क्षणभर आचके न देता चाललं. पॅकिंग चिरलं होतं, तिथून हवा शिरत होती. जाड पुठ्ठ्याचं नवं पॅकिंग बसवायला एक विडी संपेपर्यंतचाच वेळ लागला.

परतताना तो नागावला थांबला. आवडाबाईने त्याला ओटीवर बसवून गूळ-पाणी दिलं. आत चुलीपाशी ये, असं काही ती म्हणाली नाही.

"बाय, गाडी आता थांबते गं."

"बरं झालं," ती म्हणाली. "पन उतारू खोळंबलं असतील. निघा तुमी."