बाळकाकांना शिकवायचं राहिलेलं वाक्य

बाळकाका गेल्याचा निरोप आला तेव्हा मी छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ वाचत होते. आमच्या जबलपुरातल्या गोरखपूर बाजाराच्या मागे हा छापखाना आहे, एका मशीनचा, आणि युनियनची सगळी पत्रकं तिथंच निघतात. शेजारचे तिवारीजी सायकल हातात धरून दारातच उभे राहिले. "बेटी, घर चलो. चाचाजी नहीं रहे," एवढंच म्हणाले. पत्रकाचा विषय होता लढाईच्या नावाखाली कारखान्यात लादलेली डबल ड्यूटी. त्यातल्या एका वाक्यात मी 'कामगारांच्या प्रकृतीची हेळसांड' असं लिहिलं होतं, आणि हेळसांड हा शब्द बदलावा का, याचा विचार करत होते...

बाळकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. मदनमहालला स्टेशनाजवळ आमची दोन बिऱ्हाडं एकाच अंगणात. बाबा युनियनचे, त्यामुळे मी अक्षरं ओळखायला शिकले तीच पत्रकांवर. 'मागण्या' हा शब्द मला 'कमळ'च्या आधी वाचता येत होता. काका मात्र सभेला येत नसत. पत्रकं गुपचूप वाटून देत, आणि उरलेली घरी आणत, कारण त्यांची एक बाजू कोरी असे. ते कारखान्याच्या रंगखात्यात होते. फौजेच्या गाड्यांवर फवाऱ्यानं हिरवा रंग मारायचा, तोंडाला रुमाल बांधून. लढाई सुरू झाल्यावर गाड्यांची रांगच लागली. काका घरी येत तेव्हा त्यांच्या नाकपुड्यांच्या कडा हिरव्या असत, आणि काकू रुमाल वेगळ्या बादलीत भिजवायची.

त्या सुमारास बाहेरगावचे नवे साहेब आले. त्यांच्यापैकी एकानं एका गाडीच्या दाराकडे बोट दाखवून काकांना इंग्रजीत काहीतरी विचारलं. काका म्हणाले, "यस सर." साहेबानं परत विचारलं, काका परत म्हणाले, "यस सर." सगळं खातं हसलं. साहेबानं विचारलं होतं, हा रंग बिघडवणारा तूच का? दार दुसऱ्याच कुणीतरी रंगवलेलं होतं.

त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले. "बेबी, मला रोजच्या बोलण्यातलं इंग्रजी शिकवून दे. साहेब नाही व्हायचं मला. पण कुणी विचारलं तर मान वर करून उत्तर देता आलं पाहिजे न."

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात मी मैत्रिणींबरोबर राइट टाउनमधल्या इंग्रजी पाट्यांवर डांबर फासून आले होते. नखांत अजून काळं होतं. मी काकांना भलंमोठं भाषण दिलं, की ही मालकांची भाषा आहे, तिनं आपल्याला वाकवलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "हो, पण वाकून राहिलो मी, अन् भाषा तुला येते."

मग मी शिकवायला लागले, पण माझ्या अटीवर. बाजारात मिळणाऱ्या संभाषणाच्या पुस्तकातली अर्धी वाक्यं मी खोडून टाकली. क्षमा मागणारी, विनवणी करणारी, 'आपल्या कृपेनं' असली सगळी. मी त्यांना बजावलं होतं, साहेबापुढं रडगाणं गायचं नाही. काका, तुम्ही भिकारी नाही. कसे आहात विचारलं, तर डोळ्यांत बघून सांगायचं, 'क्वाइट वेल, थँक यू.' तिथं थांबायचं.

काका ती वाक्यं पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर देवनागरीत लिहून घेत. एका बाजूला आमच्या मागण्या, दुसऱ्या बाजूला 'व्हॉट टाइम इज इट'. रोज पाच वाक्यं, ना कमी ना जास्त. चहा पिताना, दाढी करताना पुटपुटणं चाले. स्वयंपाकघरात जाऊन ते काकूला 'हाउ आर यू' विचारत आणि काकू पोळी लाटता लाटता म्हणे, "डोळे फुटले का, दिसून नाही राहिलं?" गोरखपूरच्या भाजीवाल्याला त्यांनी एकदा 'हाउ मच' विचारलं, तर तो म्हणाला, "भैया, अंग्रेज़ी में लोगे तो महँगी पड़ेगी." ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगत, पोट धरून हसत, आणि हसता हसता खोकत. त्या खोकल्याची आम्हाला सवय झाली होती... सवय हा शब्द मी आता लिहू शकते, तेव्हा मला तो दिसलासुद्धा नाही.

हिवाळ्यात खोकला वाढला. जिना चढताना ते मधल्या पायरीवर थांबू लागले आणि विचारलं तर म्हणत, वाक्य आठवून राहिलो. शेवटी खात्यातल्या मुकादमानंच त्यांना कारखान्याच्या दवाखान्यात पाठवलं. तिथला डॉक्टर नवा होता, दूरच्या प्रांतातला, हिंदी त्याला जेमतेम. कामाला लायक की नाही, ते तो ठरवणार होता. नालायक ठरले असते तर फवाऱ्यापासून सुटले असते, भांडारात बसून काम मिळालं असतं.

त्या दिवशी काका शीळ घालत घरी आले. डॉक्टरनं कागदावरची नजर न उचलता विचारलं होतं, 'हाउ आर यू फीलिंग?' आणि हा प्रश्न काकांना समजला. अख्ख्या रांगेत फक्त त्यांना. ताठ उभे राहून त्यांनी उत्तर दिलं, "क्वाइट वेल, थँक यू, डॉक्टर." डॉक्टरनं मान वर केली, हसला, 'व्हेरी गुड' म्हणाला आणि लायक असा शिक्का मारला. छातीला नळी लावली नाही. पुढच्याला बोलावलं.

मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. डॉक्टरनं मान कशी वर केली ते काकांनी दोनदा करून दाखवलं. काकू दारात उभी होती. तिनं फक्त विचारलं, "अन् श्वासाचं सांगितलं का?"

काका हसले. "ते कसं सांगायचं, ते बेबीनं शिकवलंच नाही."

उद्या शिकवते, असं मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी सभा होती. तिसऱ्या दिवशी काकांची डबल ड्यूटी होती. नंतरच्या आठवड्यात त्यांना मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं, आणि तिथं सगळे हिंदी बोलणारे होते, सगळ्यांना सगळं समजत होतं, आणि आता फार उशीर झालाय असं त्यांनी आम्हाला स्वच्छ हिंदीत सांगितलं.

या सगळ्यावर मी पत्रक लिहायला तीनदा बसले. नुसत्या रुमालावर वीस वर्षं काम करून घेणारा कारखाना, माणसाकडे न बघणारा डॉक्टर, भाषेच्या भिंती... यातलं काहीही खोटं नाही आणि यातलं काहीही मी मागे घेत नाही. पण प्रत्येक वेळी दुसऱ्या परिच्छेदाशी येऊन हात थांबतो. कारण रडगाणं गायचं नाही, हे डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं होतं. ज्या गोष्टीला मी स्वाभिमान म्हणत होते, ती मी एका आजारी माणसाच्या तोंडात घातली आणि त्यानं माझ्यावर विश्वास ठेवून ती जशीच्या तशी म्हटली. हे कुठल्या मागणीत बसवायचं, मला समजत नाही.

काकांच्या जागी काकूला कारखान्यात घेणार आहेत, शिवणखात्यात. त्याआधी तपासणी होणार, त्याच दवाखान्यात, त्याच डॉक्टरकडे. काकूचे गुडघे दुखतात, डाव्या डोळ्याला कमी दिसतं. खरं सांगितलं तर हाती आलेली नोकरी जाईल, आणि नाही सांगितलं तर... गेल्या आठवड्यात स्वयंपाक उरकून ती माझ्यासमोर येऊन बसली, काका बसत तिथंच, भिंतीला टेकून. हात पदराला पुसले आणि म्हणाली, "त्यानं विचारलं, कशी आहेस, तर मी काय सांगू?"

ती अजून रोज संध्याकाळी तेच विचारायला येऊन बसते. तपासणी सोमवारी आहे.