देवकीची वीस मिनिटं

देवकी गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. पलीकडे तिची मुलगी मीनल, बंगळुरूहून. "मावशी, आई गेली... काकांचा आत्ता फोन आला. मागच्या अंगणात पडलेली सापडली." मी "बरं" म्हणाले. बरं! मग उरलेला चहा गाळला, गाळणं धुऊन जागेवर ठेवलं आणि चपला घालून तिच्या घरी गेले. त्याला आज सहा आठवडे झाले. कालपर्यंत मला धड रडू आलेलं नव्हतं. भाजी आणते, करते, खाते. लोक म्हणतात, धीराची बाई आहे. धीर कसला? दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा बधिर होतो, तशी मी सगळीच्या सगळी झाले होते.

देवकी वसईजवळच्या होळी गावातली, पिढीजात भाजीवाडी असलेल्या घरातली. आमची इमारत त्या वाडीच्या कडेलाच उभी राहिली, त्यामुळे पहिली काही वर्षं ती आम्हा फ्लॅटवाल्यांकडे जरा रागानेच बघायची. मी तेव्हा टेलिफोन ऑफिसात होते. संध्याकाळी येताना तिच्याकडून अळू, भेंडी, पडवळ घ्यायचे. माझा नवरा गेला, तिचा त्याआधीच गेला होता, आणि कधीतरी भाजी घ्यायला उभी राहिलेली मी तिच्या पडवीत बसायला लागले. "टेलिफोनच्या खुर्चीनं तुझा पार भोपळा करून टाकलाय, शोभाबाय," असं मला तोंडावर सांगणारी या गावात ती एकटीच होती. खोटं नव्हतं. रक्तदाबाची गोळी मी घेत होते, आणि ती मात्र काटकी.

हृदय बिघडलं ते त्या काटकीचं. दोन वर्षांपूर्वी छातीत दुखलं, स्टेंट बसवला, आणि डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला. पण देवकीला रिकाम्या हाताने चालताच येईना. आयुष्यभर ती डोक्यावर टोपली किंवा हातात झारी घेऊनच चाललेली. नुसतं रस्त्याच्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं, याची तिला लाज वाटायची. "कोनी विचारलं, कुठं चाललीस, तर काय सांगू? कुठंच नाय?" मग ती उगाच एक पिशवी घेऊन निघायची, आणि परत येताना त्या पिशवीत कुणाकडून तरी आणलेली किलोभर केळी असायची. डॉक्टर म्हणाले, वजन उचलू नका. ती म्हणाली, मग चालनारच नाय.

म्हणून मीनलने टीव्हीला लावायचं ते गेमचं खोकं आणलं. हातात कंट्रोलर धरायचा, त्याचा पट्टा मनगटात अडकवायचा, आणि आपण हात फिरवला की पडद्यावरची बाहुली चेंडू मारते. डॉक्टरांनी होकार दिला. हळूहळू खेळा, दम लागला की थांबा, एवढंच बजावलं. रोज वीस मिनिटं ठरली. खेळ संपला की मीनलच्या फोनवर निरोप जायचा, देवकी आज इतकी मिनिटं खेळली. तिकडून एक अंगठा यायचा. देवकी तो मला दाखवायची, परीक्षेत पास झालेल्या पोरीसारखी.

सुरुवातीचे महिने ती खरंच खेळली, हे मला आवर्जून लिहायचं आहे. पडद्यावरच्या पँट घातलेल्या बाहुलीला बघून म्हणाली, "ही बया माझ्या नावानं फिरते?" बोलिंगमध्ये बाटल्या पडून आपोआप पुन्हा उभ्या राहिल्या, तेव्हा तिला फार बरं वाटलं. बॉक्सिंगला मात्र तयार होईना. "ह्या मानसानं माझं काय वाकडं केलंय?" शेवटी तिनेच तोड काढली. समोरचा बॉक्सर म्हणजे वाडी विकत मागायला येणारा दलाल, असं तिने मनाशी ठरवलं, आणि काय ठोसे मारले म्हणता... मी खुर्चीत बसून पोट धरून हसत होते. पट्टा तिच्या मनगटाला सैल व्हायचा. तिने केळीच्या खोडाचं वाळलेलं सोपट घेतलं, ज्याने ती अळूच्या जुड्या बांधायची तेच, आणि गाठ मारून तो आवळून घेतला.

गणपती झाले आणि एक दिवस तिने कंट्रोलर माझ्या हातात दिला. "आज तू मार. मना जुड्या बांधायच्यात." मी म्हटलं, अगं, मीनलला आकडा जाईल. "जाऊदे की. तिला वीस मिनटं पायजेत, कोनाची का असेनात." मला गंमत वाटली. दोन म्हाताऱ्या मिळून एका पोरीला फसवतायत, याची गंमत. दुसऱ्या दिवशीही जुड्या होत्या. तिसऱ्या दिवशी शेंगा. मग चार वाजता मी खेळायचं आणि तिने खुर्चीत बसून मला चिडवायचं, हेच ठरून गेलं. पट्टा माझ्या जाड मनगटात शिरेना म्हणून तिने आपली गाठ सोडली आणि माझ्या मापाने नवी मारली. माझा रक्तदाब उतरला. मी डॉक्टरांची शाबासकी घेऊन आले, ती देवकीला सांगितली, आणि तिला मनापासून आनंद झाला.

ती खेळायचं टाळते आहे, असंच मी धरून चालले. तिने झारी सोडून पाइप लावला, ते मी पाहिलं होतं. पडवीच्या दोन पायऱ्या चढून ती कठड्याला धरून उभी राहायची, तेही पाहिलं होतं. एकदा मी विचारलं, "दम लागतो का गं?" तर म्हणाली, "बस, खेळ तू, दलाल मोकाट सुटलाय." मी हसले आणि खेळले. टेलिफोन ऑफिसात मी तीस वर्षं लोकांच्या आवाजावरून त्यांची काळजी ओळखायचे.

मीनल आली, अंत्यसंस्कार झाले. तिसऱ्या दिवशी ती काकांबरोबर अस्थी घेऊन नाशिकला गेली आणि घराची किल्ली मला देऊन गेली, झाडांना पाणी घालायला. मी पाणी घातलं. चार वाजले होते. मी टीव्ही लावला, पट्टा मनगटात अडकवला आणि खेळले... हे मी का केलं ते मला आजही सांगता येत नाही. डोकं रिकामं होतं आणि हातांना सवय होती. वीस मिनिटांनी वळले, "झाली गं" म्हणायला, तर खुर्ची रिकामी होती.

फोन वाजला. "मावशी," मीनल म्हणाली, "माझ्या फोनवर आलंय, आई आज वीस मिनिटं खेळली."

मी सांगितलं. सगळं, तिथेच उभ्याने. ती एवढंच म्हणाली, "कधीपासून?" "गणपतीपासून." मग ती म्हणाली, "मी ते आकडे डॉक्टरांना पाठवत होते. छान आहेत म्हणाले. म्हणून दिवाळीची तपासणी मी नाताळच्या सुट्टीवर ढकलली." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं.

तपासणी वेळेवर झाली असती तर देवकी वाचली असती का? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. मी रोज तोच प्रश्न घेऊन उठते. मी देवकीला फसवलं नाही, तिच्याबरोबर राहून मीनलला फसवलं. पण ज्या एका आकड्यावरून कुणाला काही कळलं असतं, तो आकडा मी रोज चार वाजता स्वतःच्या हाताने खोटा करत होते. हा लेख छापायला देण्याआधी मी मीनलला पाठवला. "छापा," एवढंच उत्तर आलं.

तेराव्यानंतर निघताना तिने ते खोकं पिशवीत घालून माझ्या दारात आणून ठेवलं होतं. "आता स्वतःच्या नावाने खेळा, मावशी. मला दिसेल असं लावून दिलंय. आणि दम लागला तर खेळू नका. नाही खेळलात तर मी फोन करीन."

काल मी पहिल्यांदा लावलं. बाहुलीखाली माझं नाव होतं. अकराव्या मिनिटाला मला धाप लागली. पूर्वी मी रेटलं असतं. काल थांबले, बसले, आणि अकरा मिनिटं तशीच जाऊ दिली. थोड्या वेळाने मीनलचा फोन आला, "काय झालं, मावशी? अकराच?" आणि तेव्हा मला रडू आलं. पट्टा मनगटातच होता. त्याची सोपटाची गाठ देवकीने माझ्या मापाने मारलेली आहे, ती मी सोडलेली नाही.